परसात कोणते झाड लावावे?

दरवर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात वनमहोत्सव येतो. सन १९५० मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुनशी यांनी सुरू केलेला हा उत्सव आता शाळांच्या चांगलाच अंगवळणी पडला आहे. पावसात भिजत रांग उभी राहते, प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती काळ्या पिशवीतले एक रोप पडते आणि ते छातीशी धरून तो आनंदाने घरी जातो. घरी गेल्यावर तो ते लावतो कोठे? जेथे माती मऊ असेल तेथे. आणि आमच्या गोव्यात पावसाळ्यात सर्वांत मऊ माती असते ती पागोळ्यांखाली, म्हणजे भिंतीपासून हातभर अंतरावर. रोप वितीएवढे असते तोवर कोणाचीच तक्रार नसते. पंधरा वर्षांनी त्याचे खोड भिंतीला टेकते, फांद्या कौले ढकलू लागतात, पन्हळीत पाने कुजतात आणि एके दिवशी दोर व करवत घेऊन माणसे येतात. बहुधा त्याच सुमारास झाड मनाजोगते फळू लागलेले असते.

वृक्षारोपण हे पुण्यकर्म आहे याविषयी आमचे दुमत नाही. परंतु तोडण्यासाठीच लावलेल्या झाडाचे पुण्य कोणाच्या खाती जमा होते, हा प्रश्न आम्ही वर्गात अनेकदा विचारला आहे. त्यातून गोव्यात झाडे राखण्यासाठी १९८४ चा कायदा आहे. स्वतःच्या जमिनीतले झाड तोडायचे झाले तरी अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. तेव्हा विचार करायचा तो लावण्यापूर्वीच केलेला बरा.

पूर्वी हा विचार एवढा करावा लागत नसे. घराभोवती माड, पोफळी, फणस, आंबे यांना पुरून उरेल एवढी जागा असे. एखादे झाड चुकीच्या जागी आले तरी सामावून जाई. आज भाऊबंदांत वाटण्या होऊन आणि नवी घरे उभी राहून परस आखडले आहे. ज्या घरी दहा झाडे होती त्या घरी आता एक किंवा दोन मावतात. जेथे एकच झाड लावायचे, तेथे ते निवडण्यात हयगय करून चालत नाही.

निवडीचे पहिले साधन म्हणजे एक सुतळी आणि एक खुंटी. ज्या जागी झाड लावायचे मनात असेल तेथे खुंटी ठोकावी. पूर्ण वाढलेल्या झाडाचा विस्तार जेवढा, त्याच्या निम्म्या लांबीची सुतळी खुंटीला बांधून, ती ताणून धरून भोवती एक फेरी मारावी व जमिनीवर राखेने वर्तुळ काढावे. भूमितीच्या तासाला वहीत काढता तेच वर्तुळ, केवळ कंपास मोठा. आंबा, फणस व चिकू यांस साधारणतः दहा मीटर व्यासाचे वर्तुळ लागते, माडास साडेसात मीटर, कोकम, पेरू व कागदी लिंबू यांस सुमारे सहा मीटर, पारिजातकास तीन-चार, कढीपत्ता व जास्वंद यांस दोन मीटर पुरतात. ही राखेची रेघ जर स्वयंपाकघरात, विहिरीत किंवा शेजाऱ्याच्या ओसरीवर जाऊ लागली, तर ते झाड त्या जागेसाठी नव्हे. शेजाऱ्याशी भांडण होण्यास फांदी कौलांवर पोहोचावीच लागते असे नाही. वाळका पाला अंगणात पडला तरी पुरते.

दुसरी गोष्ट दिशेची, आणि ती जरा सावकाश समजून घेण्यासारखी आहे. गोवा विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे साडेपंधरा अंशांवर आहे. त्यामुळे मेच्या सुरुवातीस व पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास माध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो. त्या दिवशी उभ्या काठीला सावली नसते. उलट डिसेंबरात तो दक्षिणेकडून जातो. याचा परसाशी संबंध असा: घराच्या दक्षिणेस दाट पानांचे मोठे झाड लावले, तर उन्हाळ्याच्या दुपारी त्याची सावली घरावर पडत नाही, पण हिवाळ्यात मात्र ते अंगण काळोखे करते आणि मिरच्या-सोले वाळवायला कोठे जागा उरत नाही. एप्रिल-मे महिन्यांत घर तापते ते तिसऱ्या प्रहरी पश्चिमेच्या भिंतीवर पडणाऱ्या तिरप्या उन्हाने. म्हणून सावलीचे झाड पश्चिमेस हवे.

येथवर गणित सोपे आहे. परंतु आमचा पाऊस येतो तोही त्याच बाजूने. जून-जुलैतले वादळी वारे नैऋत्येकडून व पश्चिमेकडून वाहतात आणि त्यांनी उन्मळलेले पश्चिमेचे झाड पडते ते नेमके घरावर. मग करावे काय? सावलीसाठी लावावे की भीतीने न लावावे? उत्तर पुन्हा सूर्यानेच दिले आहे. चार वाजताचे ऊन इतके तिरपे असते की भिंतीपासून चार मीटरवर असलेले पाच-सहा मीटर उंचीचे झाडही खिडकीवर सावली धरते. तेथे पंधरा-वीस मीटरचा वृक्ष नकोच. पश्चिमेस मध्यम उंचीचे, चिवट लाकडाचे, सदाहरित झाड असावे. कोकम किंवा बकुळ तेथे शोभते. मात्र दोन्ही झाडे सोडली तर पुष्कळ उंच जातात. वेळोवेळी छाटून त्यांना बेतात ठेवणे आले. उंच वृक्ष लावायचेच असतील तर ते घराच्या आडवाऱ्याला, आणि त्यांची उंची झोपली तरी काही मोडणार नाही एवढ्या अंतरावर.

मुळांविषयी घरोघरी बरेच गैरसमज आहेत. माडाची मुळे जोते फोडतात असे पुष्कळ लोक मानतात. वनस्पतिशास्त्राचे म्हणणे वेगळे आहे. माड हा एकदल वनस्पतींच्या गटातला. त्याला सोटमूळ नाही, आणि जी हजारो तंतुमुळे असतात ती बोटाएवढी जाड होऊन तेथेच थांबतात, वर्षानुवर्षे फुगत जात नाहीत. आंबा, वड, गुलमोहर ही द्विदल झाडे. त्यांची मुळे खोडाप्रमाणेच दरवर्षी जाड होतात व सापडेल त्या फटीत शिरून ती रुंदावतात. तेव्हा माडाची भीती मुळाशी नसून माथ्यावर आहे. पाच मीटर लांबीचे झावळ किंवा पक्का नारळ ज्यावर पडेल त्याला वनस्पतिशास्त्र वाचवीत नाही. ज्या वाटेने मुले शाळेत जातात त्या वाटेवर माड नसावा. आणि वर्षातून चार-सहा वेळा पाडेली मिळणार आहे काय, याची चौकशी रोप आणण्यापूर्वी करावी. आजकाल नारळ मिळतो, पाडेली मिळत नाही. नारळाच्या ज्या उंच जातीला कोकणात बाणवली म्हणतात तिचे नाव आमच्या सासष्टीतल्या बाणवली गावचे, हे मात्र जाता जाता अभिमानाने सांगून ठेवतो. ती सहा-सात वर्षांनी धरते. ठेंगू जाती त्याच्या निम्म्या वेळात.

वड, पिंपळ व उंबर ही झाडे कोणी परसात मुद्दाम लावीत नाही. ती पक्षी लावतात. विष्ठेतून पडलेले बी भिंतीच्या फटीत रुजते आणि धार्मिक भावनेने त्याला कोणी हात लावीत नाही. ते चार पानांचे असतानाच अलगद उपटून माळरानावर किंवा देवळाच्या मोकळ्या आवारात नेऊन लावावे. भावनाही राहते आणि भिंतही.

आमची जमीन जांभ्याची. वर वीतभर माती आणि खाली दगड, अशी अनेक परसांची स्थिती. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. पुढे जानेवारीनंतर तीच जमीन ठणठणीत कोरडी. म्हणून खड्डा मोठा हवा: आंबा-फणसासाठी एक मीटर लांब, तेवढाच रुंद व तेवढाच खोल. त्यात घागरभर पाणी ओतून दुसऱ्या दिवशी पाहावे. पाणी तसेच उभे असेल तर तेथे मुळे कुजतील. एक तर जागा बदलावी, नाही तर मातीचा उंचवटा करून त्यावर झाड लावावे. बेळगाव, इंदूर या बाजूच्या नातलगांचे अनुकरण येथे उपयोगी नाही. त्यांच्या अंगणातला कडुनिंब पाहून आपल्या लोकांना मोह होतो. पण तो कोरड्या हवेत व निचऱ्याच्या जमिनीत रमणारा. आमच्या ओलसर किनाऱ्यावर तो घाटावरच्यासारखा डेरेदार क्वचितच होतो.

आता कोकमाविषयी थोडे अधिक लिहावेसे वाटते, कारण परसासाठी आमच्या मनात पहिला मान त्याचा आहे. मराठीत ज्याला रातांबा म्हणतात त्याला आम्ही घरी भिरंड म्हणतो, आणि वाळवलेल्या सालीला सोलां. निमुळता आकार, खाली झुकलेल्या फांद्या, कोवळी पाने तांबूस, बारमाही हिरवेपण. शिवाय माडाच्या सावलीतही ते वाढते. मात्र त्यात एक मेख आहे. कोकमात नर आणि मादी अशी झाडे निराळी असतात. फळ मादीवरच येते. बी रुजवून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, आणि रोप नर की मादी हे फूल येईपर्यंत कळत नाही. फूल यायला सात-आठ वर्षे लागतात! कल्पना करा: आठ वर्षे पाणी घालावे, गुरांपासून राखावे, आणि मग कळावे की या झाडाला भिरंड कधीच लागणार नाही. ज्याच्याकडे दहा झाडांची जागा होती त्याला हे परवडत असे. ज्याच्याकडे एका झाडाची जागा आहे त्याने मादी झाडाच्या डोळ्यापासून बांधलेले कलमच आणावे. ते लवकरही धरते. नर झाड आसपासच्या कोणाच्या तरी परसात असणे इष्ट असते. आमच्या खेड्यांत तशी वाण पडत नाही.

कलम घेताना आणखी एक प्रश्न विचारावा, जो बहुतेक गिऱ्हाईक विचारीत नाही: मूळ झाडाची फळे केव्हा पिकतात? कोकम एप्रिल-मे महिन्यांत पिकते आणि त्याची साल उन्हात वाळवावी लागते. ज्या झाडाची फळे मेअखेरीस पिकतात त्यांची निम्मी सोले पहिल्या पावसात बुरसतात. लवकर पिकणारे झाड आणि उशिरा पिकणारे झाड यांत वर्षभराच्या सोलकढीचा फरक आहे. जुन्या गोव्यातील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आणि दापोलीचे कृषी विद्यापीठ यांनी अशा कलमांवर काम केलेले आहे. तेथे चौकशी केल्यास खात्रीचे रोप मिळू शकते. रस्त्याकडेच्या विक्रेत्याकडचे प्रत्येक रोप जातिवंत कलमच असते, अशी त्याची तोंडची हमी असते. आपण खोडावर सांधा आहे की नाही तेवढे डोळ्यांनी पाहावे.

गेल्या वर्षी इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांना आम्ही आपापल्या परसाचा नकाशा काढून आणण्यास सांगितले होते. एका विद्यार्थिनीने आणलेल्या नकाशात घरामागची नऊ मीटर बाय सात मीटरची जागा होती आणि पश्चिमेच्या कोपऱ्यात केवळ एक रिकामे वर्तुळ. तेथे पणजोबांच्या हातचा फणस होता. आदल्या जुलैत तो रात्री कौलांवर पडला. पाळणा ज्या खोलीत होता तिच्या शेजारची खोली गेली. आता आजीला तेथे पुन्हा फणस हवा, वडिलांना छपराच्या आसपास काहीच नको आणि आईला कपडे वाळत घालण्यापुरते ऊन हवे. मुलीने विचारले, "सर, तिघांपैकी बरोबर कोण?"

आम्ही तिला म्हटले की आजीला फणसाचे काय हवे ते प्रथम विचारून ये. उत्तर दुसऱ्या दिवशी आले, ते आजीच्याच शब्दांत: "म्हाका पोणसाचीं पानां मेळ्ळीं म्हणजे पुरो." पिकल्या गऱ्यांचे तिला विशेष नव्हते, चतुर्थीला फणसाच्या पानांच्या द्रोणांत वाफवलेल्या इडल्या घरच्या झाडाच्या पानांत व्हाव्यात, एवढेच. मागणी एवढी नेमकी कळल्यावर मार्ग दिसू लागला. फणसाची फळे खोडावर व जाड फांद्यांवर येतात, आंब्याचा मोहोर मात्र फांद्यांच्या शेंड्यांना. म्हणून दरवर्षी शेंडे छाटले तर आंब्याचे पीक बुडते. फणस मात्र फळे उतरल्यावर छाटून तीन-चार मीटर उंचीवर राखता येतो, आणि छाटल्यावर कोवळी पाने अधिकच फुटतात. ईशान्येच्या कोपऱ्यात, जिच्या पलीकडे भाताचे शेत आहे अशा जागी, फणसाचे कलम लावायचे ठरले. पश्चिमेस भिंतीपासून चार मीटरवर कोकम. दक्षिण बाजू आईच्या दोरीसाठी मोकळी. वडिलांनी संमती दिली ती छाटणी स्वतःच्या हाती राहील या अटीवर. आजीचे म्हणणे असे की छाटलेला फणस हा फणसच नव्हे. कलम जगले आहे. तिचे मत अद्याप बदललेले नाही.

फुलझाडांकडे वळू. बकुळीला आम्ही ओंवळ म्हणतो. तिच्याएवढे सभ्य झाड आम्हांस ठाऊक नाही. वाढ संथ, लाकूड टणक, पाने दाट, आणि फूल वाळले तरी वास ठेवणारे. घाई असलेल्याने मात्र ती लावू नये. सोनचाफा लावायचा तर कलमाचा. बियांपासून केलेला बरीच वर्षे वाट पाहायला लावतो, कलम दोन-तीन वर्षांत फुलते. सातवीण रस्त्याकडेला असू द्यावी. थंडीच्या तोंडाशी तिच्या फुलांचा वास दुरून येतो तेव्हा गोड वाटतो. खिडकीशी आला की डोके धरते.

पारिजातकाची गोष्ट गोव्याशी जोडलेली आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने भारतातील औषधी वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात त्याने रात्री फुलणाऱ्या आणि पहाटे फुले ढाळणाऱ्या या झाडाचे वर्णन 'दुःखी वृक्ष' या नावाखाली केले आहे. पुढे १७५३ मध्ये लिनियसने त्याचे शास्त्रीय नाव ठेवताना तोच अर्थ कायम ठेवला: निक्टँथिस आर्बर-ट्रिस्टिस. आमच्या मुली पहाटे परडी घेऊन जातात तेव्हा त्यांना त्यात दुःखाचे काही दिसत नाही. दृष्टी ज्याची त्याची. हे झाड लहान, लवकर फुलणारे, लहान परसाला सोयीचे. उन्हाळ्यात पाने झडून ते कळाहीन दिसते आणि खोडावर केसाळ सुरवंट येतात, म्हणून अगदी दारालगत नको.

आता एक गोष्ट पालकांनी विशेष ध्यानात घ्यावी. लाल वा पांढरी कण्हेर आणि पिवळी कण्हेर, जिच्या फळाला बिट्टी म्हणतात, ही दोन्ही झाडे विषारी आहेत. देवाच्या फुलांसाठी ती घरोघर असतात आणि बिट्टीच्या बियांनी मुले खेळतात. त्यांतील द्रव्ये हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. बी चावून खाल्ल्याने माणूस दगावू शकतो. ज्या घरी चार-पाच वर्षांखालील मूल आहे तेथे ही झाडे नसावीत, आणि असल्यास मुलांना नाव घेऊन, झाड दाखवून सांगावे. कोणी बी खाल्लेच तर घरगुती उपायांत वेळ न घालवता तत्काळ इस्पितळ गाठावे. फुलेच हवी असतील तर तगर आणि जास्वंद आहेत. जास्वंदीची फांदी पावसाळ्यात खोचली तरी जगते.

गुलमोहर मादागास्करचा, मे महिन्यात डोळे दिपवतो आणि जूनमध्ये फांद्या मोडून पडतो. ऑस्ट्रेलियन बाभूळ झपाट्याने वाढते, हा तिचा एकच गुण आणि तोच दोष. दोन्ही मैदानात ठीक, परसात नाहीत. परदेशी झाड म्हणून आमचा राग नाही. पेरू, चिकू, काजू, इतकेच काय देवळापुढचा पांढरा चाफा, सारे अमेरिका खंडातून आलेले पाहुणे आहेत आणि आता घरचे झाले आहेत. शेवगाही लहान परसात लोकप्रिय आहे. फांदी खोचली की झाले. पण त्याचे लाकूड इतके ठिसूळ की मुलांनी त्यावर चढू नये.

ज्यांच्याकडे खरोखरच कोपराभर जागा आहे त्यांनी कढीपत्ता आणि कागदी लिंबू लावावे. दोन्ही एकाच कुळातली, बेलही त्याच कुळातला. पावसाळ्यात त्यांच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काही चिकटलेले दिसले तर बोटाने झटकण्यापूर्वी नीट पाहावे. ती एका सुंदर ठिपकेदार फुलपाखराची लहान अळी असते. थोडी पाने तिच्या वाटणीला सोडली तर जीवशास्त्राचा एक पाठ घरबसल्या होतो. फार झाल्या तर वेचून दूर कराव्यात, विशेषतः रोप लहान असताना.

लावणी जूनच्या चांगल्या पावसानंतर करावी. पिशवी कापून काढावी, मातीचा गोळा फुटू देऊ नये, आणि कलमाचा सांधा जमिनीच्या वर राहील असे पाहावे. आधाराची काठी नैऋत्येच्या बाजूस रोवून रोप सुंभाने सैलसर बांधावे. घट्ट बांधलेला सुंभ वर्षभरात खोडात रुततो, म्हणून गणेशचतुर्थीला एकदा आणि दिवाळीला एकदा तो सोडून पुन्हा बांधावा. पहिली दोन वर्षे जानेवारीपासून मेअखेरपर्यंत पाणी चुकवू नये व बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवावे. सांध्याखालून जोमदार फूट येते. ती खालच्या रानटी रोपाची असते. नखाने खुडता येते तोवरच खुडून टाकावी.